एका देणगीदाराचा मध्यममार्ग : 'इंडिपेंडन्स यूएसए' या राजकीय खर्च समितीची चिकित्सा

प्रस्तावना :

निवडणूक आणि पैसा यांचा परस्परसंबंध हा राज्यशास्त्राच्या अभ्यासकांपुढील जुना प्रश्न आहे. या प्रश्नाची चर्चा बहुधा एका गृहीतकावर उभी असते. धनिकांचा पैसा टोकाच्या विचारांना आणि हितसंबंधी गटांना बळ देतो, म्हणून तो लोकशाहीला घातक ठरतो, असे हे गृहीतक आहे. परंतु एखाद्या धनिकाने आपला पैसा समंजस, तडजोडीस तयार असलेल्या आणि पक्षाभिनिवेशापासून दूर राहणाऱ्या उमेदवारांसाठीच खर्च करण्याचे ठरविले, तर त्याचे मूल्यमापन कसे करावे? हेतू चांगला आहे म्हणून साधन निर्दोष ठरते काय?

न्यूयॉर्कचे माजी महापौर आणि उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये स्थापन केलेली 'इंडिपेंडन्स यूएसए' ही राजकीय खर्च समिती या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. या समितीचा जवळजवळ सर्व निधी एकाच व्यक्तीच्या खिशातून आला. तिचा घोषित हेतू दोन्ही प्रमुख पक्षांतील मध्यममार्गी तसेच अपक्ष उमेदवारांना साहाय्य करण्याचा होता. प्रस्तुत लेखात या समितीच्या घोषित हेतूची तिच्या प्रत्यक्ष व्यवहाराशी तुलना केली असून, 'मध्यममार्ग' या संकल्पनेचा अर्थ या व्यवहारात कसा बदलत गेला, याची चिकित्सा केली आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी :

अमेरिकेतील निवडणूक खर्चाचा कायदा समजून घेतल्याशिवाय अशा समितीचे स्वरूप लक्षात येत नाही. १९७१ च्या संघीय निवडणूक प्रचार कायद्यात वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि देणगी व खर्च या दोहोंवर मर्यादा आल्या. १९७६ मध्ये 'बकली विरुद्ध व्हॅलिओ' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या दोहोंत भेद केला. उमेदवाराला दिलेल्या देणगीवर मर्यादा घालता येईल, कारण तेथे भ्रष्टाचाराची शक्यता आहे. मात्र उमेदवाराशी संगनमत न करता केलेला स्वतंत्र खर्च हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याने त्यावर मर्यादा घालता येणार नाही, असा हा निर्णय होता.

पुढे जानेवारी २०१० मध्ये 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने कंपन्या व कामगार संघटनांनाही स्वतंत्र खर्चाचे स्वातंत्र्य दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये 'स्पीचनाऊ' खटल्यात अपील न्यायालयाने असा स्वतंत्र खर्च करणाऱ्या समित्यांना अमर्याद देणग्या स्वीकारण्याची मुभा दिली. या दोन निर्णयांतून 'सुपर पॅक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समित्यांचा जन्म झाला. अशी समिती उमेदवाराला थेट पैसे देऊ शकत नाही आणि त्याच्याशी खर्चाबाबत संगनमतही करू शकत नाही. याखेरीज तिच्या खर्चाला कोणतीही वरची मर्यादा नाही.

येथे एक बाब आवर्जून लक्षात घेतली पाहिजे. एकट्या धनिक व्यक्तीला स्वतंत्र खर्चाचे स्वातंत्र्य १९७६ पासूनच होते. त्यामुळे ब्लूमबर्ग यांना समितीमुळे नवा अधिकार मिळाला असे म्हणता येत नाही. समितीने त्यांना नाव मिळवून दिले. संघीय निवडणुकीच्या जाहिरातीत कायद्याने जो उल्लेख अनिवार्य असतो तो खर्च करणाऱ्या समितीचा. देणगीदार कोण हे पाहण्यासाठी निवडणूक आयोगाकडे सादर होणारी विवरणपत्रे चाळावी लागतात. 'इंडिपेंडन्स' म्हणजे स्वातंत्र्य. हा शब्द ऐकणाऱ्या सामान्य मतदाराच्या मनात एखाद्या नागरी चळवळीचे चित्र उभे राहणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तेथे सभासद नव्हते, शाखा नव्हत्या, अंतर्गत निवडणूक नव्हती. एका गृहस्थाची निवड आणि त्याचा धनादेश, एवढीच या संघटनेची घटना होती.

'मध्यममार्ग' : संकल्पनेची चिकित्सा :

मराठी वाचकाला 'मध्यममार्गी' या शब्दाची ओळख 'नेमस्त' किंवा 'मवाळ' या ऐतिहासिक संज्ञांमधून आहे. न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांना नेमस्त म्हटले गेले ते प्रामुख्याने त्यांच्या कार्यपद्धतीमुळे. सनदशीर मार्ग, आकडेवारीने सिद्ध केलेला युक्तिवाद आणि प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी ही त्या राजकारणाची लक्षणे होत. नेमस्तपणा ही अशी एक रीत होती आणि ती अनेकांच्या दीर्घ चर्चेतून घडत गेली.

आधुनिक राज्यशास्त्रात 'मध्य' ही संकल्पना प्रामुख्याने स्थानवाचक झाली. अँथनी डाऊन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या एका रेषेवर मतदार विखुरलेले असतात आणि द्विपक्षीय स्पर्धेत दोन्ही पक्ष मधल्या मतदाराकडे सरकतात. ही मांडणी सुटसुटीत असली तरी प्रत्यक्ष मतदार इतका सरळ नसतो. डेव्हिड ब्रुकमन यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखविल्याप्रमाणे, सर्वेक्षणात 'मध्यम' ठरणारे अनेक मतदार काही प्रश्नांवर अत्यंत डावे आणि काही प्रश्नांवर अत्यंत उजवे असतात. त्यांच्या मतांची सरासरी मध्यभागी येते, एवढेच.

या संदर्भात ली ड्रटमन यांनी २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर केलेले विश्लेषण बोलके आहे. सामाजिक प्रश्नांवर उदारमतवादी आणि आर्थिक प्रश्नांवर सनातनी अशा मतदारांचे प्रमाण त्यात सुमारे ४ टक्के आढळले. याउलट आर्थिक प्रश्नांवर डावीकडे पण सामाजिक प्रश्नांवर उजवीकडे झुकणारे मतदार एकचतुर्थांशाहून अधिक होते. वृत्तपत्रांत आणि उद्योगजगतात ज्याला 'समंजस मध्य' म्हटले जाते तो बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. बेंजामिन पेज, लॅरी बार्टल्स आणि जेसन सीराइट यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही शिकागो परिसरातील अतिधनिकांची कर व समाजकल्याणविषयक मते सर्वसामान्य नागरिकांहून बरीच उजवीकडे असल्याचे दिसून आले. तात्पर्य, धनिकाला जो मध्य वाटतो तो समाजाचाही मध्य असेलच असे नाही.

देणगीदाराची राजकीय जडणघडण :

ब्लूमबर्ग २००१ पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षात, त्यानंतर २००७ पर्यंत रिपब्लिकन पक्षात आणि पुढे अपक्ष राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते पुन्हा डेमोक्रॅटिक पक्षात नोंदले गेले. २००२ ते २०१३ या काळात ते सलग तीन वेळा न्यूयॉर्कचे महापौर होते. कार्यक्षम कारभार, आकडेवारीवर आधारित प्रशासन आणि पक्षीय दबावापासून मुक्तता ही त्यांची प्रतिमा होती. स्वतःच्या संपत्तीमुळे आपण कोणाचे मिंधे नाही, हा त्यांच्या राजकारणाचा मुख्य दावा होता.

या दाव्याची दुसरी बाजू त्यांच्या तिसऱ्या कारकिर्दीत दिसते. महापौराने दोनपेक्षा अधिक वेळा पदावर राहू नये असा कौल न्यूयॉर्कच्या मतदारांनी १९९३ आणि १९९६ अशा दोन वेळा दिला होता. २००८ मध्ये नगर परिषदेने तो बदलला आणि पुन्हा सार्वमत न घेता तिसऱ्या निवडणुकीचा मार्ग मोकळा केला. २००९ च्या निवडणुकीत ब्लूमबर्ग यांनी १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम स्वतःच्या खिशातून खर्च केली आणि ते ५ टक्क्यांहून कमी फरकाने निवडून आले. २०१० मध्ये मतदारांनी दोन वेळांची मर्यादा पुन्हा लागू केली. कोणाचेही मिंधे नसणे हा गुण खरा, परंतु जो कोणाचाच मिंधा नाही तो मतदारांच्या कौलालाही बांधील राहीलच याची हमी त्यात नाही.

निवडक लढतींचे विश्लेषण :

समितीच्या कार्याचे मूल्यमापन तिने निवडलेल्या उमेदवारांवरून करणे योग्य ठरेल. २०१२ मध्ये मेन राज्यातील अपक्ष उमेदवार अँगस किंग यांना तिने साहाय्य केले. ही निवड घोषित हेतूशी सुसंगत होती. परंतु तिचा सर्वांत गाजलेला विजय वेगळीच गोष्ट सांगतो.

कॅलिफोर्नियाच्या ३५ व्या मतदारसंघात २०१२ मध्ये अंतिम लढत डेमोक्रॅटिक पक्षाच्याच दोन उमेदवारांत होती. प्राथमिक फेरीत पहिले दोन क्रमांक मिळविणारे उमेदवार पक्ष न पाहता अंतिम फेरीत जातात, ही पद्धत त्या राज्याने २०१० च्या सार्वमताने स्वीकारली होती. विद्यमान सदस्य जो बाका यांच्याविरुद्ध ग्लोरिया नेग्रेटे मॅक्लिओड उभ्या होत्या. समितीने मॅक्लिओड यांच्या बाजूने ३० लाख डॉलरहून अधिक खर्च केला. त्या वर्षी सामान्य नागरिक उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त २,५०० डॉलर देऊ शकत होता. म्हणजे एका देणगीदाराच्या खर्चाचे प्रमाण सामान्य देणगीच्या कमाल मर्यादेच्या १,२०० पटींहून अधिक होते. मॅक्लिओड विजयी झाल्या.

येथे दोन बाबी विचारात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, पराभूत झालेले बाका हे 'ब्लू डॉग' या डेमोक्रॅटिक पक्षातील मध्यममार्गी गटाचे सदस्य होते. मध्यममार्गाच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या समितीने पक्षातील एका अधिकृत मध्यममार्ग्याला घरी बसविले, कारण बंदूक नियंत्रणाच्या प्रश्नावर त्यांची भूमिका देणगीदाराला मान्य नव्हती. दुसरी बाब अधिक बोलकी आहे. मॅक्लिओड यांनी एकच कार्यकाळ पूर्ण केला आणि २०१४ मध्ये संसदेची जागा सोडून त्यांनी सॅन बर्नार्डिनो कौंटीच्या पर्यवेक्षक मंडळाची निवडणूक लढविली. त्यातही त्यांना यश आले नाही. बाहेरच्या पैशाने उभा केलेला प्रतिनिधी आणि मतदारसंघ यांचे नाते किती पातळ असू शकते, याचे हे उदाहरण होय.

इलिनॉय राज्याच्या दुसऱ्या मतदारसंघात फेब्रुवारी २०१३ मध्ये पोटनिवडणुकीसाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक झाली. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत २० मुले आणि ६ प्रौढ गोळीबारात मारले गेले होते आणि देश त्या धक्क्यात होता. समितीने २० लाख डॉलरहून अधिक खर्च करून माजी सदस्य डेबी हॅल्व्हर्सन यांच्याविरुद्ध आणि रॉबिन केली यांच्या बाजूने प्रचार केला. हॅल्व्हर्सन यांना पूर्वी राष्ट्रीय रायफल संघटनेकडून वरचा दर्जा मिळाला होता. केली विजयी झाल्या. येथेही दोघींपैकी पक्षाच्या डाव्या बाजूला अधिक जवळ असलेल्या उमेदवाराला साहाय्य मिळाले. उद्देश मानवी होता यात शंका नाही. परंतु त्याला मध्यममार्ग म्हणणे हे भाषेवर अन्याय करणारे आहे.

याच्या अगदी उलट चित्र पेनसिल्व्हेनियात दिसते. २०१६ मध्ये समितीने रिपब्लिकन सिनेटर पॅट टूमी यांच्यासाठी मोठा खर्च केला. टूमी यांनी २०१३ मध्ये बंदूक खरेदीदारांच्या पार्श्वभूमी तपासणीचा विस्तार करणारी दुरुस्ती सहप्रायोजित केली होती. आवश्यक ६० मते न मिळाल्याने ती ५४ विरुद्ध ४६ अशी बारगळली. या एका प्रश्नावर टूमी यांनी धैर्य दाखविले हे मान्य केले पाहिजे. मात्र हेच टूमी पूर्वी 'क्लब फॉर ग्रोथ' या कट्टर करविरोधी संघटनेचे अध्यक्ष होते. २००४ मध्ये त्यांनी आपल्याच पक्षातील मध्यममार्गी सिनेटर आर्लेन स्पेक्टर यांना आव्हान दिले होते. २००९ मध्ये त्यांच्याच पुढील आव्हानाच्या छायेत स्पेक्टर यांनी पक्ष सोडला. म्हणजे कॅलिफोर्नियात मध्यममार्ग्याला पाडणारी समिती पेनसिल्व्हेनियात मध्यममार्ग्यांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला निवडून आणत होती. दोन्ही ठिकाणी मोजपट्टी एकच होती, ती म्हणजे देणगीदाराचा अग्रक्रम.

२०१४ मध्ये मिशिगनचे गव्हर्नर रिक स्नायडर यांना समितीने दिलेला पाठिंबा वेगळ्या कारणासाठी अभ्यसनीय आहे. स्नायडर हे उद्योगक्षेत्रातून आलेले, कार्यक्षम व्यवस्थापक अशी प्रतिमा असलेले नेते होते. आर्थिक अडचणीतील शहरांवर निर्वाचित मंडळाऐवजी शासननियुक्त आपत्कालीन व्यवस्थापक नेमण्याचा कायदा मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये फेटाळला. पुढच्याच महिन्यात त्याच धर्तीचा नवा कायदा मंजूर होऊन स्नायडर यांच्या स्वाक्षरीने अमलात आला. एप्रिल २०१४ मध्ये फ्लिंट शहराचा पाणीपुरवठा नदीवर वळविला गेला तेव्हा ते शहर अशाच व्यवस्थापकाच्या हाती होते. त्यातून उद्भवलेल्या शिसेमिश्रित पाण्याच्या संकटाची पुरती जाणीव २०१५ मध्ये झाली. त्यामुळे समितीला त्यासाठी जबाबदार धरता येणार नाही. तथापि न्यूयॉर्क आणि मिशिगन या दोन्ही ठिकाणी एक समान वृत्ती आढळते. कार्यक्षमतेपुढे मतदारांचा स्पष्ट कौल दुय्यम मानण्याची ही वृत्ती आहे.

२०१८ नंतरचे वळण :

जून २०१८ मध्ये ब्लूमबर्ग यांनी प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटिक पक्षाच्या ताब्यात यावे यासाठी सुमारे ८ कोटी डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले. समितीने पाठिंबा दिलेल्या प्रतिनिधीगृहाच्या २४ उमेदवारांपैकी २१ विजयी झाले. उभयपक्षीय मध्यममार्ग हा समितीचा मूळ दावा येथे व्यवहारात संपला. एका पक्षाच्या वर्चस्वाला आळा घालणे हे त्या वेळी योग्य होते, असे अनेकांचे मत असू शकते. परंतु ते पक्षीय कार्य होते हे नाकारता येत नाही.

२५ फेब्रुवारी २०२० रोजी चार्ल्सटन येथे झालेल्या अध्यक्षीय उमेदवारांच्या वादसभेत ब्लूमबर्ग या २१ सदस्यांचा उल्लेख करीत होते. आपण त्यांना विकत घेतले, अशा अर्थाचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि लगेच त्यांनी तो सुधारला. या जिभेच्या घसरण्यावर त्या वेळी पुष्कळ विनोद झाले. वस्तुतः विनोदापलीकडे त्याला महत्त्व आहे. ते २१ सदस्य लाखो मतदारांनी निवडले होते. असंख्य कार्यकर्ते दारोदार फिरले होते. देणगीदाराच्या स्मरणात मात्र हा सर्व व्यवहार एका खरेदीच्या रूपाने साठला होता. व्यवस्थेने जे नाते निर्माण केले त्याला त्या शब्दाने अनवधानाने योग्य नाव दिले.

त्याच निवडणुकीत ब्लूमबर्ग यांनी स्वतःच्या उमेदवारीवर १०० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला. अमेरिकन सामोआ या भूप्रदेशाव्यतिरिक्त कोठेही त्यांना पहिला क्रमांक मिळाला नाही आणि ४ मार्च २०२० रोजी त्यांनी माघार घेतली. पुढे फ्लोरिडात जो बायडेन यांच्यासाठी १० कोटी डॉलर खर्च करण्याचे त्यांनी जाहीर केले, तरी ते राज्य डोनाल्ड ट्रम्प यांनी ३ टक्क्यांहून अधिक फरकाने जिंकले.

समर्थकांच्या युक्तिवादाचा विचार :

या समितीच्या बाजूने तीन युक्तिवाद संभवतात आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला असा की, प्राथमिक निवडणुकांत मतदान कमी होते व कट्टर मतदार अधिक येतात. त्यामुळे मध्यममार्गी उमेदवार आधीच मागे पडतो आणि मोठी देणगी हा असमतोल दूर करते. दुसरा असा की, रायफल संघटनेसारखा संघटित गट वर्षानुवर्षे राजकारण्यांना धाकात ठेवत असेल, तर त्याला तोलून धरणारा पैसा हवाच. तिसरा असा की, येथे देणगीदार एकच आहे आणि सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे हा पैसा निनावी पैशापेक्षा स्वच्छ आहे.

यांपैकी तिसरा मुद्दा बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. पहिल्या मुद्द्यातील निदान बरोबर असले तरी उपचार चुकीचा आहे. प्राथमिक निवडणुकांची रचना सदोष असेल तर ती रचना बदलली पाहिजे, आणि कॅलिफोर्नियाने सार्वमताने तसा प्रयत्न केलाही. त्या सुधारित रचनेतच समितीच्या पैशाने मध्यममार्गी सदस्य पराभूत झाला, हे वर पाहिले आहे. दुसरा मुद्दा सर्वांत सबळ आहे. तथापि रायफल संघटनेच्या प्रभावाचे मूळ तिच्या तिजोरीइतकेच तिच्या लाखो सभासदांत होते. तिला उत्तर द्यावयाचे तर सभासदांच्याच बळावर, आणि बंदूक नियंत्रणाच्या उघड नावाने दिले पाहिजे. ब्लूमबर्ग यांच्याच साहाय्याने उभ्या राहिलेल्या 'एव्हरीटाऊन' या संघटनेने कार्यकर्त्या मातांचे जाळे सोबत घेऊन हा मार्ग काही प्रमाणात अवलंबिला. तिचे नाव तिच्या कार्याशी प्रामाणिक आहे. 'इंडिपेंडन्स यूएसए'च्या नावाबद्दल तसे म्हणता येत नाही.

भारतीय संदर्भ :

हा प्रश्न भारतीय अभ्यासकांना परका नाही. १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी आपल्या नियमावलीत केलेल्या बदलाचा वाद आला होता. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्यानुसार तो बदल मान्य केला. मात्र अशा देणग्यांमुळे पुढे लोकशाहीचाच गळा घोटला जाण्याचा धोका आहे, असा इशारा देऊन त्यांनी संसदेचे लक्ष या प्रश्नाकडे वेधले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे योजना घटनाबाह्य ठरविली तेव्हा मतदाराच्या माहितीच्या अधिकारावर भर होता. अमेरिकी उदाहरण याच्या पुढचा प्रश्न उपस्थित करते. देणगीदाराचे नाव कळले, त्याचा हेतूही बरा आहे, तरीही एका व्यक्तीच्या पैशाचे वजन सहस्रावधी नागरिकांच्या आवाजापेक्षा जड ठरावे काय? पारदर्शकता ही आवश्यक अट आहे, पण ती पुरेशी नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'इंडिपेंडन्स यूएसए' समितीने 'मध्यममार्ग' हा शब्द देणगीदाराच्या अग्रक्रमांच्या यादीसाठी वापरला. बाका यांचा पराभव आणि टूमी यांचे समर्थन ही त्याची परस्परपूरक उदाहरणे होत.

२. बंदूक नियंत्रणासारख्या उद्दिष्टाचे नैतिक मूल्य वादातीत मानले तरी, ते उद्दिष्ट दुसऱ्या नावाखाली पुढे नेल्याने मतदाराची दिशाभूल होते.

३. मोठ्या खर्चाची परिणामकारकता लहान व कमी चर्चेच्या लढतींत अधिक दिसते. राष्ट्रीय पातळीवर १०० कोटी डॉलरही अपुरे पडले. म्हणून जेथे मतदाराला माहिती कमी तेथेच अशा पैशाचे बळ जास्त, असे म्हणता येते.

४. कार्यक्षमतेच्या नावाखाली मतदारांचा स्पष्ट कौल बाजूला सारण्याची प्रवृत्ती या प्रकारच्या मध्यममार्गात आढळते. ती नेमस्त राजकारणाच्या मूळ वृत्तीशी विसंगत आहे.

मध्यममार्ग हा अनेकांनी परस्परांना थोडे-थोडे सोडून देण्यातून तयार होतो. ज्याला काहीच सोडून द्यावे लागत नाही अशा एकट्या माणसाने तो इतरांसाठी निश्चित केला, तर त्यातील धोरण कदाचित चांगले असेल, परंतु त्यास मध्यममार्ग म्हणता येणार नाही.